मराठीत शोधनिबंध लिहिताना संदर्भ कसे द्यायचे? विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.चा लघुशोधनिबंध, पीएच.डी.चा प्रबंध किंवा चर्चासत्रातला पहिला निबंध मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. संदर्भ देण्याच्या पद्धती शिकवणारी इंग्रजी हस्तपुस्तकं चांगली आहेत. पण ओवीचा क्रमांक कसा द्यायचा, ‘शके’ छापलेल्या पुस्तकाचं साल काय धरायचं, रुमालातल्या (जुन्या कागदांच्या कापडी गठ्ठ्यातल्या) पत्राची नोंद कशी करायची, हे त्यांत सापडत नाही. त्यामुळे मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्या ठिकाणी खरोखर अडतं, त्या ठिकाणी इथे जास्त थांबलो आहोत. बाकीच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच नियम आहे: तुमच्या हातात प्रत्यक्ष जे होतं, तेच लिहा.

संदर्भ नेमका कशाकशाला द्यावा लागतो?

दुसऱ्याचं वाक्य, दुसऱ्याचं मत, दुसऱ्याने शोधलेली माहिती, दुसऱ्याने केलेली मांडणी किंवा वर्गीकरण, आकडेवारी, तक्ता, नकाशा, छायाचित्र या सगळ्याला. विद्यार्थी वाक्याला संदर्भ देतात आणि मांडणीला द्यायचं विसरतात. एखाद्या समीक्षकाने कवीच्या कवितेचे तीन टप्पे पाडले असतील आणि तुमच्या प्रकरणाचे तीन भाग त्याच टप्प्यांवर उभे असतील, तर एकही वाक्य उचललेलं नसलं तरी ते ऋण आहे. ते प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगा.

सर्वज्ञात गोष्टीला संदर्भ लागत नाही. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, याला तळटीप नको. पण त्या निर्णयामागे कोणाची भूमिका निर्णायक होती, हे लिहिलं की लगेच संदर्भ हवा, कारण तिथे तथ्य संपून मत सुरू होतं.

मी सगळं माझ्या शब्दांत लिहिलं आहे. तरी संदर्भ द्यायचा?

हो. शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचाच आहे. त्याआधी ते शब्द खरोखर तुमचे आहेत का, हेही पाहा. समजा एका पुस्तकात असं वाक्य आहे: ‘गिरणगावातल्या खानावळींनी कोकणातून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवणाबरोबरच गावाची सोबत दिली.’ विद्यार्थी लिहितो: ‘गिरणगावातील खाणावळींनी कोकणातून आलेल्या एकाकी पुरुषांना भोजनासोबत गावाचा सहवासही दिला.’ हे स्वतःच्या शब्दांतलं लेखन नाही. वाक्याचा सांगाडा तोच ठेवून समानार्थी शब्द बसवले आहेत. तळाशी संदर्भ दिला तरी हे चूकच, कारण अवतरणचिन्हं नसल्यामुळे वाचक ही वाक्यरचना तुमची समजतो.

उपाय साधा आहे. उतारा वाचा, पुस्तक मिटा आणि एखाद्या मित्राला सांगावं तसं लिहा. मग पुस्तक उघडून अर्थ बरोबर उतरला का ते ताडून पाहा. मूळ वाक्याशिवाय तुमचं काम भागतच नसेल, तर ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं द्या.

एमएलए, एपीए की शिकागो? कोणती पद्धत वापरू?

संदर्भ देण्याच्या या तीन प्रचलित इंग्रजी पद्धती आहेत. आधी तुमच्या विद्यापीठाची किंवा नियतकालिकाची सूचना वाचा. सूचना नसेल तर साहित्यासाठी एमएलए, सामाजिक शास्त्रांसाठी एपीए आणि इतिहासासाठी शिकागोची तळटिपांची पद्धत सोयीची पडते. एमएलएच्या हस्तपुस्तकाची नववी आवृत्ती २०२१ची आहे आणि एपीएची सातवी २०१९ची. महाविद्यालयात फिरणाऱ्या जुन्या झेरॉक्स त्याआधीच्या आवृत्त्यांच्या असतात, त्यामुळे दोन विद्यार्थी ‘एपीए’च म्हणत वेगवेगळं लिहिताना दिसतात.

एका बाबतीत मात्र मराठीत आपली रीत सोडू नये असं मला वाटतं. नव्या इंग्रजी पद्धतींनी प्रकाशनस्थळ काढून टाकलं आहे. मराठीत ते ठेवा. आपल्याकडे अनेक महत्त्वाची पुस्तकं सातारा, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद, मडगाव इथल्या छोट्या प्रकाशनांनी काढली आहेत. काही लेखकांनी स्वतःच्या घरून छापली आहेत. अशा पुस्तकाची प्रत शोधणाऱ्याला गावाचं नाव हाच पहिला धागा असतो.

संदर्भसूचीत आडनाव आधी लिहायचं. मग संतांचं आणि टोपणनावांचं काय?

आधुनिक लेखकाच्या बाबतीत नियम सरळ आहे: देशपांडे, पु. ल.; भागवत, दुर्गा. मजकुरात मात्र नेहमीच्या क्रमाने लिहा. आद्याक्षरांनंतर टिंब द्या आणि तीच रूपं शेवटपर्यंत ठेवा. एका पानावर ‘वि. का. राजवाडे’ आणि दुसऱ्यावर ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’ असं असेल, तर नव्या वाचकाला ते दोघे वाटू शकतात. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘पं.’ या उपाध्या सूचीत घेत नाहीत. आदर मजकुरातल्या क्रियापदातून दाखवा.

ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई, चोखामेळा यांची नोंद त्याच नावांनी करा. तुकारामांना सूचीत ‘अंबिले, तुकाराम’ म्हणून बसवलं तर शोधणाऱ्याला ते सापडणार नाहीत.

टोपणनावाच्या बाबतीत पुस्तकावर जे छापलं आहे ते आधी द्या आणि खरं नाव चौकटी कंसात द्या: कुसुमाग्रज [वि. वा. शिरवाडकर]. याच लेखकाची नाटकं शिरवाडकर या नावाने छापलेली आहेत, तेव्हा त्यांची नोंद ‘शिरवाडकर, वि. वा.’ अशीच होईल. दोन्ही नोंदींमध्ये परस्परनिर्देश द्या.

स्त्री-लेखिकांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झालं. लेखिका बाळूताई खरे. विवाहानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. या पुस्तकाची नोंद ‘बेडेकर, मालती’ अशी केली, तर १९३३ साली एका स्त्रीला हे लेखन दुसऱ्या नावाआडून का करावं लागलं, हा प्रश्नच सूचीतून पुसला जातो. म्हणून ‘शिरूरकर, विभावरी [मालती बेडेकर]’ असंच लिहावं.

ज्ञानेश्वरीची ओवी, तुकारामांचा अभंग किंवा लीळाचरित्रातली लीळा यांचा संदर्भ कसा द्यायचा? पृष्ठक्रमांक पुरेसा आहे का?

नाही. नुसता पृष्ठक्रमांक इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि नुसता ओवीक्रमांकही पुरत नाही. तीन गोष्टी लागतात: ग्रंथातलं स्थान, संपादक आणि प्रत.

ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी द्या, जसं ‘ज्ञानेश्वरी १२.१४४’. पण कुठली ज्ञानेश्वरी? ग्रंथाच्या शेवटी रचनेचा शक १२१२ दिला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. आज घरोघरी वाचली जाते ती बहुतांशी या परंपरेतली. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वेगळी प्रत छापली. ही प्रत आणि प्रचलित सांप्रदायिक प्रती यांत शब्दांची रूपं वेगळी आहेत, ओव्यांची संख्याही जुळत नाही. तुम्ही ज्ञानेश्वरीच्या भाषेवर लिहीत असाल आणि प्रत सांगितली नसेल, तर तुमचा निष्कर्ष तेराव्या शतकातल्या मराठीबद्दल आहे की सोळाव्या, हे परीक्षकाला ठरवता येत नाही.

तुकारामांच्या गाथेचंही तेच. इंदुप्रकाश छापखान्याची १८६९ची गाथा, तिच्या आधारे मुंबई सरकारने १९५० साली काढलेली गाथा, देहूची गाथा, जोगमहाराजांची सार्थ गाथा: प्रत्येकीत अभंगांची संख्या आणि क्रम निराळा. शासकीय गाथेतला अभंग क्रमांक घेऊन देहूची गाथा उघडली तर भलताच अभंग समोर येतो. म्हणून पहिल्याच उल्लेखाला तळटीप टाका: ‘या निबंधातील सर्व अभंग क्रमांक शासकीय गाथेनुसार (१९५०) आहेत.’ पुढे कंसात क्रमांक दिला की झालं. अभंगाचा पहिला चरणही द्या. क्रमांक चुकला तरी चरणावरून अभंग सापडतो.

लीळाचरित्र हा चक्रधरस्वामींच्या आठवणींचा महानुभाव ग्रंथ. त्यासाठी भाग (एकांक, पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध) आणि लीळेचा क्रमांक लागतो. नोंद अशी होईल: कोलते, वि. भि. (संपा.), लीळाचरित्र, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९७८. याआधी ह. ना. नेने आणि शं. गो. तुळपुळे यांनीही हा ग्रंथ संपादित केला आहे आणि त्यांचे क्रमांक कोलते यांच्याशी जुळतीलच असं नाही. जुन्या प्रबंधातून लीळेचा क्रमांक उचलाल तर तो कुठल्या संपादनातला, हे आधी तपासा.

पुस्तक मला मिळालं नाही, पण दुसऱ्या पुस्तकात त्यातलं अवतरण आहे. मूळ पुस्तकाचा संदर्भ देऊ का?

देऊ नका. ‘अमुक यांचं मत, तमुक यांनी उद्धृत केलेलं’ असं लिहा आणि सूचीत फक्त तुम्ही पाहिलेलं पुस्तक घ्या. सगळ्यात जास्त पाळला न जाणारा नियम हाच आहे, आणि चुका पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात त्याही इथूनच. एका लेखकाने पृष्ठक्रमांक चुकवला की पुढचे दहा प्रबंध तोच चुकीचा क्रमांक छापतात. त्यावरून दहापैकी कोणीही मूळ पुस्तक उघडलं नव्हतं, हे आपोआप सिद्ध होतं.

गोव्यातलं एक उदाहरण पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून सिद्ध झालेलं संपादन असतं: जोसेफ सल्ढाणा यांचं मंगळूरहून निघालेलं १९०७चं रोमन लिपीतलं किंवा शांताराम बंडेलू यांचं १९५६चं देवनागरीतलं. तरी सूचीत ‘स्टीफन्स, क्रिस्तपुराण, १६१६’ एवढंच लिहिलेलं दिसतं. ते पुस्तक कोणाच्याच हाती लागलेलं नाही. ‘स्टीफन्स, थॉमस, क्रिस्तपुराण (प्रथम मुद्रण १६१६), संपा. शांताराम बंडेलू, १९५६’ असं लिहिलं की ग्रंथाचा काळही कळतो आणि तुम्ही काय वाचलं तेही.

समग्र वाङ्मयातल्या मजकुराला साल कुठलं द्यायचं?

दोन्ही. ‘गुलामगिरी’ १८७३ची. तुम्ही ती ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात वाचली असणार. त्याची पहिली आवृत्ती १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली निघाली. १९९१ची आवृत्ती य. दि. फडके यांनी संपादित केली. या आवृत्त्यांचे पृष्ठक्रमांक वेगळे आहेत. मजकुरात ‘(फुले १८७३/१९९१, पृ. …)’ असा तिरकी रेघ देऊन निर्देश करा.

डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचंही असंच. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६चं आहे. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या १९७९च्या पहिल्या खंडात ते आहे. खंडाचा क्रमांक विसरू नका. नुसतं ‘आंबेडकर, लेखन आणि भाषणे, पृ. ४७’ लिहिलं, तर वाचकाला कितीतरी खंड चाळावे लागतील. १९३६च्या विचाराला नुसतं ‘(आंबेडकर १९७९)’ असं लिहू नका; आंबेडकरांचं निधन १९५६चं आहे, आणि अशा निर्देशाने विचाराचा काळच चुकतो.

जुन्या पुस्तकावर फक्त ‘शके’ आहे. इसवी सन कसा काढू?

शालिवाहन शकात ७८ मिळवा: शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर ‘शके १८३१ (इ. स. १९०९–१०)’ असं लिहा. पुस्तकावरचा शक आधी आणि तुम्ही काढलेलं साल कंसात, हा क्रम उलटवू नका. सालच छापलेलं नसेल तर ‘प्रकाशनवर्ष अनुल्लेखित’ लिहा. अंदाजाने साल टाकू नका.

मासिकं, दिवाळी अंक आणि वृत्तपत्रं यांची नोंद कशी करायची?

मासिकासाठी लेखक, लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत, मासिकाचं नाव, वर्ष, अंक, महिना आणि साल, पृष्ठं. दिवाळी अंकावर वर्ष-अंक नसेल तर ‘दिवाळी २०१९’ पुरे. पण संपादकाचं नाव आणि गाव द्या, कारण सारख्या नावाचे अंक निघतात. दिवाळी अंकातली कथा पुढे संग्रहात येते तेव्हा लेखकाने तिच्यावर हात फिरवलेला असू शकतो. तुम्ही अंकातली वाचली की संग्रहातली, ते स्पष्ट लिहा. दोन्ही वाचून फरक नोंदवलात तर तुमच्या निबंधाला खरी किंमत येईल.

वृत्तपत्रासाठी तारीख, आवृत्ती (मुंबई, पुणे, नागपूर), पुरवणीचं नाव आणि पृष्ठ लागतं. पुणे आवृत्तीतला लेख नागपूर आवृत्तीत नसू शकतो, किंवा दुसऱ्या पानावर असू शकतो.

जुन्या वृत्तपत्रांतल्या निनावी लेखांबाबत घाई करू नका. केसरी ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला. १८८७पर्यंत आगरकर त्याचे संपादक होते. तरीही त्या काळातले अग्रलेख सरसकट टिळकांच्या नावावर टाकलेले निबंध वाचायला मिळतात. लेखावर नाव नसेल तर सूचीत तो त्याच्या शीर्षकाखाली घ्या. तो अमुक यांचा आहे असं कोणा अभ्यासकाने सिद्ध केलं असेल, तर त्या अभ्यासकाचा वेगळा संदर्भ द्या.

इतिहासाची साधनं आणि दफ्तरातली कागदपत्रं?

छापील साधनांत खंड आणि लेखांक द्या. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत प्रत्येक पत्राला लेखांक आहे. पृष्ठापेक्षा तोच पक्का. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे ४५ खंड आहेत, तिथेही खंड आणि पत्रक्रमांक द्यायचा.

अप्रकाशित कागदासाठी संस्थेचं नाव, दफ्तराचं किंवा संग्रहाचं नाव, रुमाल क्रमांक, असल्यास पुडक्याचा आणि पत्राचा क्रमांक, आणि पत्राची मूळ मिती. मोडी कागद तुम्ही स्वतः वाचला असेल तर ‘लिप्यंतर माझे’ लिहा. दुसऱ्याकडून वाचून घेतला असेल तर त्यांचं नाव त्यांच्या परवानगीने टाका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्दही तोडलेले नसतात. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हा वाचणाऱ्याचा निर्णय असतो. तो कोणाचा, हे नोंदवलंच पाहिजे.

मुलाखती आणि लोकगीतं यांना संदर्भ लागतो का?

लागतो. मुलाखतीसाठी व्यक्तीचं नाव, गाव, तारीख, प्रत्यक्ष की फोनवर, आणि ध्वनिमुद्रण केलं का, हे नोंदवा. नाव वापरायची परवानगी आधी घ्या. परवानगी नसेल तर ‘ऊसतोड कामगार स्त्री, वय ४५, बीड जिल्हा’ एवढंच लिहा, आणि खरं नाव तुमच्या टिपणवहीतच राहू द्या.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. ‘एक पारंपरिक ओवी’ असं लिहून पुढे जाण्याची सवय आपल्याला लागली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केलेला ओव्यांचा संग्रह आज ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतो. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही दिलेलं असतं. संग्राहकांनी ते नोंदवलं आणि आपण निबंधात गाळलं, तर त्या बाईची रचना पुन्हा निनावी होते. कवीला नावानिशी संदर्भ मिळतो, तसाच तिलाही मिळाला पाहिजे.

विकिपीडिया चालतो का? आणि विश्वकोश?

विकिपीडिया सुरुवातीची ओळख करून घ्यायला आणि खालच्या संदर्भांची यादी पाहायला उपयोगी आहे. त्या यादीतलं पुस्तक मिळवा आणि त्याचा संदर्भ द्या. विकिपीडियाचाच लेख अभ्यासविषय असेल तर साधनांतला कायमचा दुवा (‘पर्मनंट लिंक’) वापरा, म्हणजे तुम्ही पाहिलेली आवृत्ती वाचकालाही दिसेल.

मराठी विश्वकोशाला ‘विश्वकोश’ एवढाच संदर्भ देणं हा नोंद लिहिणाऱ्यावर अन्याय आहे. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. मोठ्या नोंदीत वेगवेगळ्या भागांचे लेखक वेगळे असतात. त्या भागाच्या शेवटचं नाव पाहा, मग नोंदीचं शीर्षक, खंड, पृष्ठ.

संकेतस्थळं, यूट्यूबवरचं भाषण, स्कॅन केलेलं पीडीएफ?

लेखक, शीर्षक, संकेतस्थळ, प्रकाशनाची तारीख, पूर्ण दुवा, आणि तुम्ही पाहिल्याची तारीख. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर साध्या दुव्याऐवजी तो द्या. सरकारी खात्यांची पानं रचना बदलली की गायब होतात, म्हणून महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवून तो दुवाही द्या. भाषणासाठी वक्ता, वाहिनी, तारीख, आणि वाक्य किती मिनिटं-सेकंदांवर आहे ते लिहा.

पीडीएफमध्ये एक सापळा आहे. पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि छापील पानाचा आकडा वेगळा असतो, कारण मुखपृष्ठ-प्रस्तावना मोजल्या जातात. छापील आकडाच द्या. ग्रंथ स्कॅन करून मिळाला असला तरी तो ज्या छापील आवृत्तीचा आहे तिचे तपशील आतल्या पानावर असतात, ते टिपून घ्या.

अवतरणातलं शुद्धलेखन सुधारू का?

सुधारू नका. आजचे लेखनविषयक नियम १९६२चे आहेत, १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारांची रूपं आहेत. ती तशीच ठेवा, ती त्या काळाची खूण आहे. मुद्रणदोष उघड असेल तर शेजारी चौकटी कंसात ‘मूळ पाठ असाच’ लिहा. मधला मजकूर गाळलात तर तीन टिंबं. तुम्ही ठळक केलंत तर ‘ठळक अक्षरे माझी’. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरं विस्कटतात, म्हणून ते अवतरण हाताने टाइप करा आणि दुसऱ्या कोणाकडून ताडून घ्या.

लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय द्यायचं. एमएलएत ही मर्यादा चार ओळींची आहे, एपीएत ४० शब्दांची.

इंग्रजी पुस्तकातला मजकूर मी मराठीत आणला. तो अवतरण होतो का?

होतो. अवतरणचिन्हांत द्या, मूळ पृष्ठ द्या आणि ‘अनुवाद माझा’ लिहा. दुसऱ्याचा छापील अनुवाद वापरत असाल तर अनुवादकाचं नाव सूचीत हवंच. मराठीत अनुवादकाचं नाव गाळायची खोड जुनी आहे, आपण तरी ती पुढे नेऊ नये.

‘तत्रैव’ आणि ‘पूर्वोक्त’ कधी वापरायचं?

लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ असेल तर ‘तत्रैव, पृ. …’, मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर ‘आडनाव, पूर्वोक्त, पृ. …’. संगणकावर मसुदा बदलताना मध्ये नवी टीप घुसते आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. म्हणून मसुद्यात प्रत्येक वेळी आडनाव आणि लघुशीर्षक लिहा, आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटी घाला. मी तर म्हणेन, घातलंच नाही तरी चालेल.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीच्या अहवालात साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की काम झालं ना?

नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित लेखन सादर करावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित लेखनही सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश या मोजणीतून वगळायचे असतात.

पण हा आकडा फक्त शब्दांचं साम्य मोजतो. कल्पना उचलली, मांडणी उचलली, इंग्रजीतून गुपचूप अनुवाद केला, तर आकडा शून्यही येऊ शकतो. मराठीतली असंख्य पुस्तकं यंत्राला वाचता येतील अशा रूपात कुठेच नाहीत, तेव्हा त्यांतून उचललेलं यंत्राला दिसणार नाही. ते परीक्षकाला दिसतं, कारण त्यांनी ती पुस्तकं वाचलेली असतात. उलट, प्रामाणिक प्रबंधातही नेहमीच्या शब्दप्रयोगांमुळे साम्य वाढतं. अहवाल घाबरून न जाता ओळीओळीने वाचा आणि प्रत्येक रंगवलेल्या ओळीचं कारण मार्गदर्शकांना सांगा.

चॅटजीपीटीने दिलेली संदर्भसूची वापरू का?

नोंदीतलं पुस्तक तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय एकही नोंद वापरू नका. ही साधनं खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेलं पुस्तक, खरा प्रकाशक आणि पटेल असं साल जोडून देतात. साहाय्य घेतलं असेल तर ते कशासाठी, हे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे जाहीर करा. एमएलए अशा साधनाला लेखक मानत नाही. एपीए ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव लेखकाच्या जागी घ्यायला सांगतं.

सूची अकारविल्हे लावताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे?

दोन्ही चाली आहेत: क्ष हा ‘क’मध्ये आणि ज्ञ हा ‘ज’मध्ये, किंवा दोन्ही वर्णमालेच्या शेवटी. एक निवडा. संगणक सहसा पहिली चाल धरतो. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांच्या सूची वेगळ्या ठेवा. संदर्भ साठवून सूची तयार करणारं झोटेरोसारखं मोफत साधन वापरत असाल तर आडनाव आणि आद्याक्षरं वेगळ्या रकान्यांत भरा, संस्थेचं नाव मात्र एकाच रकान्यात. नाहीतर ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती’ अशी नोंद तयार होते. साधनाने मध्येच घातलेली इंग्रजी संक्षिप्त रूपं शोधून ‘आणि इतर’, ‘संपा.’, ‘पृ.’ करा.

मार्गदर्शक एक सांगतात, हस्तपुस्तक दुसरं. कोणाचं ऐकू?

विरामचिन्हं, क्रम, तिरकी अक्षरं याबाबत मार्गदर्शकांचं ऐका आणि तीच पद्धत शेवटपर्यंत पाळा. पण न वाचलेल्या ग्रंथाचं नाव सूचीत ‘शोभेसाठी’ घालायला कोणी सुचवलं, तर नम्रपणे नकार द्या आणि तो ग्रंथ मिळवून वाचायला दोन आठवडे मागून घ्या.

उद्या सादर करायचं आहे आणि पृष्ठक्रमांक टिपलेले नाहीत. काय करू?

आधी थेट अवतरणं घ्या. त्यांचे पृष्ठक्रमांक टाळताच येत नाहीत. ग्रंथालयात प्रत नसेल तर प्रत असलेल्या सहाध्यायाला फोन करून त्या पानाचा आणि आतल्या शीर्षकपृष्ठाचा फोटो मागवा, म्हणजे आवृत्तीही कळेल. जे पान सापडणारच नाही, त्यातलं अवतरण काढून टाका आणि तो मुद्दा तुमच्याकडे पुरावा असलेल्या दुसऱ्या उताऱ्यावर उभा करा. पुढच्या प्रकरणापासून टिपण काढतानाच वहीत समासात चार गोष्टी लिहा: ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ, आणि शब्द मूळचे आहेत की तुमचे.